सोमवारचं मेण

१

सोमवारी संध्याकाळी अप्पांनी मला दुकानात भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"मागं बघायचं नाही. बघितलं की ऐकू येत नाही."

माझ्यासमोर सिद्धेश्वराचं कॅलेंडर होतं आणि त्याच्याखाली विजेचं बटण. पाठीमागे अप्पांचं बाकडं. साखर पेठेतल्या त्या दुकानात यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी येत. अप्पा त्यांची काळी पडलेली तार उसवून नवी गुंडाळत. त्यांच्या दुसऱ्या उद्योगावर मात्र कुणाचा सहसा विश्वास बसत नसे. ऑर्केस्ट्रावाले त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गिटारी आणत. गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीचं एक डबडं असतं, त्याला पिकप म्हणतात. आत चुंबकाच्या सहा कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. वरची तार थरथरली की या गुंडाळीत इवलीशी वीज उठते, ती खोक्यात जाते आणि मोठा आवाज होऊन बाहेर येते. अप्पांना मोटार आणि पिकप यांत फार फरक वाटत नसे. "एक फिरते, एक ऐकते," म्हणायचे.

त्या दिवशी बाकड्यावर दोन पिकप होते. एक मानसिंग जगदाळे यांच्या अमेरिकन गिटारमधला, जुना, त्यांच्या ऑर्केस्ट्राचं नाव ज्या आवाजावर चालायचं तो. दुसरा अप्पांनी त्याच्याबरहुकूम बनवलेला, ऑर्केस्ट्राच्या दुसऱ्या गिटारसाठी. त्याची गुंडाळी त्याच दिवशी सकाळी संपली होती. मी चहा घेऊन आत आले तेव्हा दोन्ही पिकप उघडे होते. त्यांची प्लॅस्टिकची झाकणं, एक जुनं, पिवळं पडलेलं आणि एक नवं पांढरं, शेजारी शेजारी पडली होती. मला बघून अप्पांनी सगळ्यावर फडकं टाकलं.

"नवा मेणात बुडवला का?" मी विचारलं. सगळ्या खटाटोपात मला कळणारी तेवढीच एक पायरी होती. गुंडाळी झाली की ती वितळलेल्या मेणात बुडवायची, म्हणजे आतल्या तारा एकमेकींना धरून गप्प बसतात.

"आज सोमवार."

सोमवारी अप्पा मेण वितळवत नसत. पोळ्यातलं मेण ते. त्यात कधी माशीचा पंख निघे, कधी पाय. शिवाच्या वारी ते विस्तवावर ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम मी लहानपणापासून पाहत आले होते. मला तो वेडगळ वाटायचा आणि आवडायचाही.

त्यांनी एका फळीवर सहा तारा ताणून ठेवल्या होत्या. पिकप तारांखाली सरकवायचा, दोन चिमटे लावायचे, वाजवायचं. खोकं म्हणजे एका जुन्या रेडिओचा जीर्णोद्धार होता. पेठेतल्या मागांची घूंऽऽ त्यात उतरायची. फळी फिरवली की ती कमी होई, आणि फळीचं तोंड देवळाकडे आलं की सगळ्यात कमी. "महाराजांचा प्रताप," अप्पा म्हणायचे. विजेचा ट्रान्सफॉर्मर कोणत्या बाजूला आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"पहिला," ते म्हणाले आणि एक छोटीशी ओळ वाजवली, वरून खाली उतरणारी.

आवाज स्वच्छ होता. आडात खडा टाकला की उमटतो तसा गोल, आणि थोडा दूरचा.

चिमटे काढल्याचा, लावल्याचा आवाज. मग अप्पा खोकले. तो खोकला मला दोनदा ऐकू आला, एकदा पाठीमागून आणि एकदा डाव्या हाताच्या खोक्यातून. खोली रिकामी असली की आवाज फिरतो, असं मी मनाशी म्हटलं. खोली रिकामी नव्हती.

"दुसरा."

तीच ओळ. पण यात तार सुटण्याआधी बोटाचं कातडं तिला लागतं तेही ऐकू येत होतं. पहिल्या आवाजात गिटार होती, दुसऱ्यात माणूस होता.

"पहिला की दुसरा?"

मी तोंड उघडलं आणि दिवे गेले. सगळ्या पेठेचे माग एका झटक्यात थांबले. आमच्याकडच्या माणसाला अंधाराची भीती वाटत नाही, त्या शांततेची वाटते.

मी चाचपडत बटणाकडे हात नेला. "राहू दे चालू," अप्पा म्हणाले. "वीज आली की खोकंच सांगेल. तू नीघ, गाडी चुकेल."

मी कुर्डुवाडीला शाळेत शिकवत होते, शनिवारी सोलापूरला यायची; त्या सोमवारी सुट्टी होती म्हणून राहिले होते. "पण उत्तर?"

"शनिवारी सांग. तोवर राहू दे डोक्यात. शिळं झालं की खरं काय ते उरतं."

अंधारात ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो अंदाज चुकून कानावर आला.

मंगळवारी सकाळी शाळेत ट्रंक कॉल आला. कॉल जोडणारी बाई जोडून बाजूला झाली नाही. तीच बोलली.

"रुद्राणी, मी गुरम्मा मावशी. आधी कुठंतरी बस बघू."

२

अप्पांचे धाकटे भाऊ कल्लप्पाकाका यांनी सकाळी दुकान उघडलं तेव्हा अप्पा बाकड्याशी होते. डोकं हातावर टेकलेलं, झोपल्यासारखं. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. अप्पा पुष्कळदा दुकानातच झोपत, त्यामुळे रात्री कुणी चौकशी केली नव्हती.

आमच्यात बसवून माती देतात. त्याआधी मी त्यांच्या कपाळाला विभूती लावली. उजव्या गालावर सहा बारीक रेघा होत्या, एकमेकींना समांतर. मी त्या पुसायला गेले. त्या पुसल्या जाईनात.

तिसऱ्या दिवशी मानसिंग जगदाळे आले, ते भेटायला नाही. बाकड्यावर एकच पिकप सापडला होता, पांढऱ्या झाकणाचा. काकांनी तो घाईत, न उघडताच अमेरिकन गिटारमध्ये बसवून गिटार परत पाठवली होती.

"माझा पिवळा कुठाय, कल्लप्पा?" ते गल्लीत उभं राहून बोलले. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण चन्नप्पांनी माझा असली माल कुणाला तरी विकला आणि मला स्वतःची नक्कल चिकटवली."

"अण्णा तसं करणारा न्हवता."

"मग काय, पिकपला पाय फुटले?"

संध्याकाळपर्यंत हे सगळ्या पेठेत झालं होतं. अप्पांनी दुसऱ्याची वीतभर तारही कधी ठेवून घेतली नव्हती. पण हे मला माहीत असून उपयोग काय? गिऱ्हाइकाच्या मालाला हात लावणारा कारागीर, एवढंच त्यांच्यामागे उरणार होतं. आणि रात्री पडल्यापडल्या मला त्यांच्या हाताखालचं ते फडकं आठवायचं. ते काय झाकत होते?

गुरम्मा मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंकवर होत्या, अप्पांच्या शाळासोबती. आयुष्यभर कानाला यंत्र लावल्यामुळे त्या बाजूचे केस विरळ झाले होते. शहरातल्या निम्म्या लोकांची तोंडं त्यांनी पाहिलेली नव्हती, आवाज मात्र सगळ्यांचे ओळखत. त्या आल्या, दुकानात अप्पांच्या स्टुलावर बसल्या आणि मला ती सोमवारची संध्याकाळ पहिल्यापासून सांगायला लावली. खोकला दोनदा ऐकू आला हे मी जरा लाजतच सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"कल्लप्पा, तू आलास तेव्हा खोकं चालू होतं?"

"न्हाय की. भिंतीवरचं बटनच बंद हुतं."

"अप्पांनी मला ते चालू ठेवायला सांगितलं होतं," मी म्हणाले.

"नंतर बंद केलं असंल अण्णानं," काका म्हणाले.

समोरच्या घरातून सोजरबाई आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण सांगायचं होतं.

"लाईट आली आन् ते खोकं बोललं, बाई. म्या दारात हुते. आदी मानूस बोललं, मंग खोकं बोललं. त्येच, त्याच आवाजात. माज्या अंगावर सरसरून आलं. म्या दार लावून घेतलं."

"काय बोललं?"

"माग चालू झालं हुतं की. शबुद कसा कळंल?"

"चन्नप्पाचा आवाज?"

"छ्या. चन्नप्पाचा मला कळंना व्हय? त्यो न्हवता."

सोजरबाई गेल्यावर मावशी फळीवरच्या तारांकडे वळल्या. मग त्यांनी आपला गाल त्या तारांवर अलगद टेकवला, उचलला आणि माझ्याकडे वळवला. सहा रेघा.

"डोकं हातावर होतं म्हणतो कल्लप्पा," त्या म्हणाल्या. "आणि खुणा तारांच्या. कुणीतरी त्याचं डोकं उचलून बाजूला ठेवलंय, रुद्राणी."

३

मानसिंग यांच्या ऑर्केस्ट्राची तालीम नव्या पेठेतल्या एका माडीवर चालायची. ते गादीवर बसले होते. नरसय्या कोपऱ्यात गिटार जुळवत होता. तो तेलुगू विणकरांच्या घरातला, स्वतःच्या घरी माग चालवून ऑर्केस्ट्रात वाजवणारा. अप्पांना तो वस्ताद म्हणायचा. मातीला आला होता, सगळ्यांच्या मागे उभा होता.

"या बाई," मानसिंग मावशींना म्हणाले. "आता टेलिफोनवाले पण तपास करतात का?"

"टेलिफोनवाले फक्त जोडून देतात. जगदाळेसाहेब, तुम्ही ही गिटार विकणार होता ना?"

"तुम्ही लोकांचे कॉल ऐकता?"

"ऐकत नाही. पण हैदराबादपर्यंत पोचावं म्हणून तुम्ही इतकं ओरडता, की यंत्र काढून ठेवलं तरी कळतं."

नरसय्या खाली मान घालून हसला. मानसिंग हसले नाहीत.

"हो, विकणार होतो. त्यात काय चोरी?"

"नवा पिकप आत घालून विकणार होता, जुना ठेवून घेणार होता?"

मानसिंग यांनी पान थुंकायला वेळ घेतला. "गिऱ्हाइकाला काय कळतंय? चन्नप्पांना म्हटलं, तुम्हीच बसवून द्या. तर म्हणाले, मी फसवणुकीचं काम करत नाही. आणि बघा, मलाच फसवलं."

"नरसय्या, वाजव बघू."

त्याने वाजवलं. मला आवाज चांगला वाटला, ओळखीचाही. पण तो थांबला आणि पांढऱ्या झाकणाकडे बघून म्हणाला, "नकलेत जीव येत नाही, मावशी. वस्तादांनी लई कष्ट केले, पण असली ते असली. ऐकलं की कळतंय."

"आता वाजवू नकोस. नुसतं खोकं चालू राहू दे."

मावशी गिटारवर वाकल्या. मानसिंग मोठ्यानं हसले. नरसय्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मावशी अगदी तारांजवळ तोंड नेऊन एक्स्चेंजच्या आवाजात बोलल्या, "हॅलो. सोलापूर बोलतेय."

खोक्यातून घूंऽऽ येत होती. दुसरं काही आलं नाही. तारा तेवढ्या थरथरल्या.

नरसय्या गिटारकडे असा बघत होता, जणू तिनं त्याला ओळख दिली नाही.

"भूतबित समजलात की काय?" मानसिंग म्हणाले.

मावशींनी पदर सावरला. जिन्यात त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "खोकला दोनदा ऐकलास. विसरू नको. आता मला मेण दाखव."

४

मेणाचं भांडं दुकानात चुलीशेजारी होतं. रविवारी अप्पांनी त्यात दुसरं काहीतरी बुडवलं असावं, मग ते थिजलं होतं. साखर पेठेत हवेत सतत सुताची तूस असते. दोन दिवस एखादी वस्तू हलवली नाही की तिच्यावर पांढरी लव धरते. मेणावर ती अखंड होती.

"कल्लप्पा, तू याला हात लावलास?"

"न्हाय, बाई. अण्णाचं भांडं हाय. माजा जीव होईना."

"नव्या पिकपला चुंबक कुणी बसवले?"

"मीच की. तार अण्णानं गुंडाळली."

मावशी स्टुलावर बसल्या. "आता ऐक, रुद्राणी. आमच्या लायनीत कुठं सांधा ढिला राहिला की लाइन स्वतः बोलायला लागते. शेजारून कुणी गेलं तरी ऐकू येतं. मेण न लावलेली गुंडाळी तशीच. तिच्या तारा सुट्या असतात, माणूस जवळ बोलला की त्या थरथरतात. म्हणून तुझ्या अप्पाचा खोकला खोक्यातून आला. पहिल्या पिकपमध्ये आला नाही, दुसऱ्यात आला. तर दुसरा कोणता?"

"मेण नसलेला. म्हणजे नवा. अप्पांचा."

"आणि मेणाचं भांडं तेव्हापासून कुणी वितळवलेलं नाही. नवा जिथं असेल तिथं अजून बोलत असेल. जगदाळ्यांच्या गिटारमध्ये जो आहे, तो गप्प आहे."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी उभी राहिले होते. "पण झाकण पांढरं आहे त्याला."

"झाकण," मावशी म्हणाल्या.

आम्ही परत नव्या पेठेत गेलो, काकांना घेऊन. नरसय्या घरी गेला होता. मानसिंग कुरकुरत होते तोवर काकांनी गिटारची वरची पाटी उघडली, पिकप उलटा करून पांढरं झाकण काढलं. आतली गुंडाळी तपकिरी होती. तिच्यावर जुनं, काळपट मेण साकळलं होतं. खालच्या फायबरच्या पट्टीवर परदेशी कारखान्याचा शिक्का होता, अर्धा पुसलेला.

"ह्यो जुना हाय," काका म्हणाले. "साहेब, तुमचाच हाय की."

मानसिंग जवळ आले. त्यांनी शिक्का पाहिला. आपलं पिवळं झाकण नसलेला आपलाच पिकप माणूस ओळखत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं.

"झाकणं बदलली होती," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण दुसरीकडून आल्यासारखा. "लोक पिवळं दिसलं की वाहवा करतात, पांढरं दिसलं की नाक मुरडतात. म्हणून त्यांनी परीक्षेपुरती बदलली, मी चोरून वळून बघितलं तरी फसावं म्हणून. बघितलं की ऐकू येत नाही, हेच सांगत होते ते."

फडक्याखाली एवढंच होतं.

मानसिंग यांनी पांढरं झाकण हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, "मी गल्लीत बोललो ते गल्लीतच येऊन मागं घेतो." त्यांनी दुसऱ्या दिवशी ते घेतलंही, मोठ्या आवाजात, हैदराबादला पोचेल इतक्या.

पण जिना उतरताना मावशींचा चेहरा सुटलेला नव्हता. "ज्यानं नेला त्यानं झाकण बघून नेला. आता कोण ते उरलंय."

"काका?"

"कल्लप्पानं चुंबक बसवलेत. गिटार परत पाठवताना तो घाईत फसला, पण न्यायचाच असता तर आत बघून नेला असता. आणि जगदाळ्यांना नक्कलच आत हवी होती. त्यांनी नेला असता तर ते गप्प बसले असते, गल्लीत ओरडले नसते." त्या थांबल्या. "मी गिटारजवळ बोलायला वाकले तेव्हा जगदाळे हसले. कुणीही हसेल, गिटारशी कोण बोलतं? पण एकाचा हात आवाज बंद करायला गेला. बोलणारी गिटार ज्याच्या घरी आहे, तोच तिला भितो."

५

शनिवारी दुपारी आम्ही नरसय्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग धडधडत होते. मागवाल्यांच्या घरात माणसं जन्मापासून ओरडून बोलतात, दुसरा उपाय नसतो. नरसय्याची बायको चंद्रव्वा दारात आली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि त्या सगळ्या गोंगाटात कुजबुजली.

"हळू बोला, अक्का. त्यांना चालत नाही."

"कधीपासून?"

"तुमचे अप्पा गेल्यापासून. मुलं रडली तरी तोंड दाबतात. मला वाटतंय काहीतरी लागलंय त्यांना."

नरसय्या आतल्या खोलीत होता. कोपऱ्यात त्याची स्वतःची कलकत्त्याची गिटार जाड चादरीत गुंडाळून, वर दोरी बांधून ठेवलेली. आम्हाला पाहून तो उठला नाही.

"सोड ती," मावशी म्हणाल्या.

"मावशी, नको. ती वस्ताद आहे."

"ती तूच आहेस, खुळ्या. सोड."

त्याने दोरी सोडली. तारांखाली पिवळं झाकण होतं. त्यानं ते बघितलं आणि बोलायला लागला, आमच्यापैकी कुणाकडे न बघता.

"सात-आठ वर्षं मी त्याच आवाजावर वाजवलंय. मालक गिटार विकणार, म्हणजे पिकपही गेला. सोमवारी रात्री वीज आल्यावर मी वस्तादांना विचारायला गेलो, शेवटचं एकदा हात लावू का म्हणून. दार नुसतं लोटलेलं होतं. वस्ताद फळीवर डोकं ठेवून. खोकं घूं करत होतं. मी वाकून म्हटलं, वस्ताद. तर खोकं म्हणालं, वस्ताद." तो थांबला. "माझ्याच आवाजात. मी हात लावला, हात गार होता. परत हाक मारली. परत खोक्यानं मारली."

"मग?"

"मग मी बटण बंद केलं."

"आणि त्यांचं डोकं उचललंस," मी म्हणाले.

"हळू ठेवलं, अक्का. हातावर ठेवलं. पिवळा खाली होता. मला वाटलं, आता कुणाचाच नाही तो. आता ते मला काय म्हणणार?" तो सुटलेली दोरी बोटांना गुंडाळत होता. "घरी आणून बसवला. वाजवला की तोच आवाज, तोच अमेरिकन. पण थांबलं की बोलतो. मूल रडलं की रडतो. बायकोनं हाक मारली की हाक मारतो. वस्ताद सोडत नाहीत मला."

"आणि दार?"

"ओढून घेतलं."

"कुणाला सांगितलं नाहीस."

"नाही."

"थंडी होती, नरसय्या. सकाळपर्यंत ते तसेच होते."

तो रडायला लागला, आवाज न करता. आवाज न करण्याची त्याला आता सवय झाली होती.

मावशींनी पुढे होऊन झाकण काढलं. आतली तार कोरडी होती, नवी, लालसर, इतकी चकचकीत की खिडकीतला उजेड तिच्यावर फिरला. मेणाचा एक थेंबही नव्हता.

"हा चन्नप्पाचा," त्या म्हणाल्या. "असली घेऊन आलास असं तुला वाटलं. असली त्या गिटारमध्ये राहिला आणि तू त्याला निर्जीव म्हणालास. इतके दिवस अमेरिकन आवाज म्हणून तू माझ्या शाळासोबत्यालाच वाजवत होतास. तो धरून बसला नाही तुला. त्याला मेण मिळालं नाही, एवढंच. सोमवार होता."

नरसय्यानं तोंडावर हात घेतले.

६

माझ्या मनात त्याच्यासाठी काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी फौजदाराकडे गेले नाही. ज्या नावासाठी मी हिंडले ते परत आलं होतं. पण एक रात्र अप्पा गार हात घेऊन बसले होते, ती कुणी परत देणार नव्हतं.

पिकप मी परत मागितला. तो काढण्याआधी मी म्हणाले, "माग थांबव."

"अक्का?"

"थोडा वेळ."

तो बाहेर गेला. माग एकेक करून थांबले आणि ती शांतता आली, सोमवारचीच. चंद्रव्वा मुलांना घेऊन दारात उभी राहिली. मावशींनी खोक्याचं बटण लावलं. आधी काहीच नाही, मग हळूहळू ती बारीक घूं वर आली. मावशींनी गिटार मांडीवर घेतली आणि फिरवली. तिचं तोंड कुठेतरी, बहुतेक देवळाकडे आलं असावं, आणि घूं जवळजवळ विरून गेली.

मी गिटारकडे पाठ करून बसले. तेवढ्यात वाटलं, आता बघायला हरकत नाही. वळले. तारांखाली अप्पांच्या बोटांनी फिरवलेले वेढे दिसत होते, एकावर एक, कुठेही घाई न केलेले.

शनिवार होता. उत्तर पुरेसं शिळं झालं होतं.

मी वाकले, अगदी तारांजवळ. बोलताना माझा श्वास त्यांना लागला, आणि खोकं माझ्याबरोबरच बोललं, जरा दुरून, जरा धातूच्या आवाजात, जणू पलीकडे कुणीतरी तेच शब्द म्हणून बघत होतं.

"दुसरा, अप्पा. दुसरा चांगला होता."